माळ्यावरचा व्हिडिओ गेम पुन्हा सुरू होऊ शकतो!

दिवाळीची साफसफाई सुरू आहे. माळ्यावरून एकेक खोकं खाली येतंय. एकात जुने स्वेटर, दुसऱ्यात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट आणि तिसऱ्यात, वायरींच्या गुंत्यात अडकलेला तुमचा जुना व्हिडिओ गेम! हातातलं फडकं तसंच राहतं. तेवढ्यात आतून आईचा आवाज येतो, "भंगारात देऊन टाक. आता कुठे चालतोय तो?"

आईचंही चूक नाही. नव्या टीव्हीला त्या पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांची जागाच नसते. अडॅप्टर घर बदलताना हरवलेला असतो. रिमोटच्या वायरी कडक झालेल्या असतात. पण भंगारवाल्याला हाक मारण्याआधी जरा थांबा. तो गेम तुमच्या घरातल्या लॅपटॉपवर चालू शकतो आणि त्यात तुम्ही तेव्हा जिथे थांबला होतात, तिथूनच पुढे खेळता येऊ शकतं. यालाच म्हणतात एम्युलेशन.

एम्युलेटर म्हणजे नेमकं काय?

सोपं उदाहरण घेऊ. जुन्या कन्सोलसाठी लिहिलेला गेम फक्त त्या कन्सोलचीच भाषा बोलतो. तुमच्या लॅपटॉपला ती भाषा कळत नाही. मग दोघांच्या मध्ये एक दुभाषी बसवायचा. गेम एक सूचना देतो, दुभाषी तिचं लगेच भाषांतर करतो आणि लॅपटॉप ते काम करतो. हे एका सेकंदात लाखो वेळा घडतं. या दुभाषी सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात.

जुन्या यंत्रांची ताकद आज ऐकली तर हसू येतं. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आला. त्याची मुख्य रॅम होती फक्त २ केबी! १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स हा अख्खा गेम ४० केबीत मावला होता. तुमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी येणारा 'शुभ सकाळ'चा फोटो बहुधा त्याहून मोठा असतो.

मग असे गेम कुठल्याही संगणकावर सहज चालायला हवेत ना? बहुतेक चालतातच. पण दुभाषाचं काम वाटतं तितकं सोपं नसतं. कन्सोलमध्ये चित्रासाठी एक चिप, आवाजासाठी दुसरी, हिशेबासाठी तिसरी असते आणि सगळ्या एकमेकींशी ताल धरून चालतात. तो ताल हुबेहूब पकडायला खूप ताकद लागते. सुपर निन्टेन्डोची चिप साडेतीन मेगाहर्ट्झच्या आसपास चालायची. पण २०११ मध्ये तिची अगदी तंतोतंत नक्कल करणाऱ्या बीस्नेस या एम्युलेटरला ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर लागायचा.

एवढी खटपट कशासाठी?

"नवे गेम एवढे आहेत, मग जुन्यासाठी कशाला डोकं फोडायचं?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचं उत्तर एका आकड्यात आहे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात विकतच मिळत नाहीत, असं त्यात आढळलं. जुना सिनेमा टीव्हीवर पुन्हा लागतो, जुनं पुस्तक ग्रंथालयात सापडतं. गेमचं तसं होत नाही. यंत्र गेलं की गेमही जातो.

आपल्याकडचंच पाहा ना. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. तो हैदराबादच्या कंपनीने बनवला होता. त्याच वर्षी 'देसी अड्डा' आला, त्यात कबड्डी आणि विटीदांडू होते. आपल्या मातीतले हे गेम आज हवेत म्हटलं, तर कुणाच्या तरी कपाटातली जुनी डिस्क शोधावी लागेल.

त्यातून या वस्तूंनाही वय असतं. डिस्कवर चरे पडतात. प्रगती साठवणाऱ्या अनेक जुन्या कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी असते. ती संपली की साठवलेलं सगळं पुसलं जातं, आणि तुम्हाला ते कळतही नाही.

आजोबांची पांढरी गाडी

मला हे सगळं का सुचलं, ते सांगते. आम्ही तेव्हा वडोदऱ्याला राहायचो. २००७ मध्ये दादाला प्लेस्टेशन २ मिळाला. सोबत ग्रॅन टुरिस्मो ४ हा गाड्यांचा गेम होता. दादा शाळेत गेला की आजोबा हळूच टीव्हीसमोर बसायचे. ते आयुष्यभर सायकलवरून ऑफिसला गेले. स्वतःची गाडी कधी घेतली नाही. गेममध्ये सुरुवातीला मिळालेल्या पैशातून त्यांनी सुझुकीची एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. शर्यतीत ते नेहमी शेवटचे यायचे. पण त्या गेममध्ये गाडी धुण्याची सोय आहे. आजोबा शर्यत संपली की न चुकता गाडी धुवायचे. दादाला बजावायचे, "गाडी धुऊन ठेवली आहे बरं का. मळवू नकोस."

२०१६ मध्ये आजोबा गेले. कन्सोल खोक्यात गेला. मागच्या वर्षी दादा बेंगळुरूहून सुट्टीला आला, तेव्हा खोकं उघडलं. त्यात डिस्क होती आणि ८ एमबीचं मेमरी कार्डही होतं. अडॅप्टर नव्हता. आम्ही मावसभावाकडून अडॅप्टर आणि जुना टीव्ही एका रविवारपुरता मागून आणला आणि कार्डावरचं सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. संध्याकाळी लॅपटॉपवर गेम सुरू झाला. गॅरेज उघडलं. आत ती पांढरी गाडी उभी होती.

दादाने शर्यत लावली नाही. आधी गाडी धुतली. आई मागे उभी राहून बघत होती, ती काहीच बोलली नाही.

आम्ही आणखी पाच वर्षं थांबलो असतो, तर ते कार्ड वाचता आलं असतं की नाही, कोण जाणे. म्हणूनच हा लेख.

तुमच्या संगणकावर चालेल का?

कन्सोल जितका नवा, तितका संगणक दमदार हवा. ढोबळ अंदाज असा:

• ८ बिट आणि १६ बिटचे कॅसेटवाले गेम: घरातला साधा, जुना लॅपटॉपही पुरतो. मेसेन आणि रेट्रोआर्क हे यासाठी प्रसिद्ध एम्युलेटर आहेत.

• पहिला प्लेस्टेशन: डकस्टेशन वापरा. साध्या लॅपटॉपवरही तो सहसा छान चालतो.

• पीएसपी: पीपीएसएसपीपी वापरा. त्याला कन्सोलची बायोस फाइलही लागत नाही, म्हणून नवशिक्यांसाठी हा सगळ्यात सोपा.

• प्लेस्टेशन २: पीसीएसएक्स२ वापरा. यासाठी बऱ्यापैकी नवा संगणक, ८ जीबी रॅम आणि शक्यतो वेगळं ग्राफिक्स कार्ड असावं.

• गेमक्यूब आणि वी: डॉल्फिन वापरा. यालाही दमदार संगणक हवा.

हे सगळे एम्युलेटर मोफत आहेत. मात्र ते त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. कुणी पैसे मागत असेल, तर तुम्ही चुकीच्या जागी आला आहात असं समजा.

सुरुवात अशी करा

प्लेस्टेशन २ चं उदाहरण घेऊ.

१. आधी डिस्क पुसा. मऊ कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल घासू नका.

२. डिस्कची प्रत काढा. लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह घ्या. प्लेस्टेशन २ च्या डिस्क साध्या ड्राइव्हमध्ये वाचल्या जातात. प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने आयएसओ फाइल तयार करा. डिस्कची खालची बाजू निळसर असेल तर ती डीव्हीडी नसून सीडी आहे. तिची प्रत बिन आणि क्यू अशा दोन फाइलींत काढावी लागते.

३. बायोस आणि मेमरी कार्ड. बायोस म्हणजे कन्सोल चालू होताना लागणारं मूळ सॉफ्टवेअर. ते स्वतःच्या कन्सोलमधूनच पेनड्राइव्हवर घ्यायचं असतं. मेमरी कार्डावरचे सेव्हही त्याच बैठकीत काढून घ्या. ही पायरी जरा किचकट आहे. घरातल्या किंवा ओळखीतल्या तंत्रज्ञान जाणणाऱ्या मुलाला सोबत घेऊन बसा.

४. कंट्रोलर जोडा. कीबोर्डवर मजा येत नाही. यूएसबीचा साधा कंट्रोलरही चालतो.

५. चित्राचा दर्जा सुरुवातीला मूळ ठेवा. गेम नीट चालला की मग एकेक पायरी वाढवा. गेम अडखळला तर एक पायरी मागे या.

एम्युलेटरमध्ये 'सेव्ह स्टेट' ही भारी सोय असते. खेळ कुठेही थांबवा, नंतर नेमका तिथूनच सुरू करा. "हा लेव्हल संपू दे ना, मग जेवतो" हे कारण आता मुलांना चालणार नाही!

हे कायदेशीर आहे का?

इथे नीट लक्ष द्या. एम्युलेटर आणि गेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोनीने कनेक्टिक्स या कंपनीच्या प्लेस्टेशन एम्युलेटरविरुद्ध अमेरिकेत दावा केला होता. २००० मध्ये तिथल्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. पुढे २०१८ मध्ये सोनीने प्लेस्टेशन क्लासिक हा छोटा कन्सोल आणला, तेव्हा त्यात एक मुक्त स्रोत एम्युलेटरच वापरला होता!

पण म्हणून सगळं माफ असं नाही. निन्टेन्डो स्विचच्या युझू या एम्युलेटरच्या निर्मात्यांना २०२४ मध्ये २४ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली आणि काम बंद करावं लागलं.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सांगतं, की संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढता येते. म्हणजे तुमच्या डिस्कची, तुमच्यासाठी. ती मित्राला द्यायची नाही, इंटरनेटवर टाकायची नाही. आणि इंटरनेटवर फुकट दिसणारे गेम किंवा बायोस उतरवून घेणं यात बसत नाही.

आता जरा अवघड गोष्ट. नव्वदच्या दशकात आपल्या घरोघरी असलेले बरेचसे 'टीव्ही गेम' मूळ जपानी यंत्राच्या नकला होते आणि '९९९९ इन १' लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटही अधिकृत नव्हत्या. तेव्हा आपल्याला हे कुठे माहीत होतं? आपण आपली कॅसेट काढायचो, तिच्यात फुंकर मारायचो आणि पुन्हा लावायचो. पण त्या कॅसेटला कायद्याचं हे संरक्षण मिळणार नाही. सुदैवाने काही गेम अधिकृतपणे परत आले आहेत. कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचे जुने गेम एकत्र करून संगणकासाठीही आणले. भावंडांच्या जोडीने तो खेळायचा असेल तर सरळ तोच विकत घ्या.

पालकांनो, एवढं जपा

फुकट गेमच्या नावाखाली अनेक साइट व्हायरस देतात. गेम म्हणून उतरलेल्या फाइलच्या नावाच्या शेवटी ईएक्सई असेल, तर ती उघडू नका. "अँटिव्हायरस बंद करा" असं कुणी सांगत असेल तर ती साइट तिथेच बंद करा. ज्या संगणकावर तुमचे बँकेचे व्यवहार चालतात, त्यावर असले प्रयोग मुळीच नकोत. आणि गेम जुना आहे म्हणजे तो लहान मुलांसाठीच आहे असंही समजू नका. खोक्यावरची वयाची सूचना वाचा.

आज फक्त एवढंच करा

लगेच काही डाउनलोड करू नका. आधी माळ्यावर चढा, खोकं शोधा. डिस्क, कॅसेट, मेमरी कार्ड एका कोरड्या डब्यात ठेवा. कार्डावर कुणाचा खेळ साठवला होता, ते घरात विचारा. ताई म्हणेल माझा, काका म्हणेल माझा. भांडण होईल, जुन्या आठवणी निघतील. मग एखाद्या रविवारी सगळे मिळून लॅपटॉपसमोर बसा.

आमच्या गॅरेजमधली गाडी आता तीन ठिकाणी जपून ठेवली आहे: दादाच्या संगणकावर, माझ्या लॅपटॉपवर आणि आईच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर. दादा फोनवर अजून विचारतो, "गाडी धुतलीस का गं?"