कासेतला पहारा कधी ढिला पडतो?

दूध, खवा आणि पनीरच्या धंद्यातील आमच्या बांधवांची एक तक्रार नेहमीची आहे. गाय धडधाकट दिसते, कासेला सूज नाही, तरी दूध घटते आणि पनीरचा उतारा कमी पडतो. दर वेळी दोष पेंडीचा नसतो. पुष्कळदा तो छुप्या कासदाहाचा असतो.

कासेत निसर्गाने पहारा बसवलेला आहे. सडाच्या छिद्रातून जंतू आत शिरला की कासेतील पेशी त्याला ओळखतात व रासायनिक सांगावा धाडतात. इंटरल्यूकिन-८ हा त्यातलाच एक. तो मिळताच रक्तातील पांढऱ्या पेशी कासेकडे धावतात. निरोगी सडाच्या १ मिलिलिटर दुधात सर्व पेशी मिळून साधारण १ लाखाच्या आत असतात. २ लाखांवर गेल्यास रोगाचा संशय घ्यावा. या लढाईत सुटणारे पाचक रस दुधातील केसीन तोडतात आणि पनीर घटते.

ई. कोलाय जंतू आला तर मोठी हाकाटी होते. कास तापते, दूध पाण्यासारखे उतरते. स्टॅफिलोकोकस ऑरियस मात्र चोरपावलांनी येतो. त्याच्याविरुद्धचा सांगावा क्षीण असतो, म्हणून तो महिनोन्‌महिने दडून राहतो.

हा पहारा वर्षभर सारखा नसतो. विण्याआधीचे दोन व नंतरचे दोन-तीन आठवडे तो ढिला पडतो. चीक आणि दूध तयार करण्यात अंगची शक्ती व कॅल्शियम खर्च होते, पांढऱ्या पेशी मंदावतात. दुसरा धोका गाय आटवल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत. धार थांबल्यामुळे जंतू धुऊन जात नाहीत आणि सडाचे तोंड बंद व्हायला वेळ लागतो. पुढे तेथे केराटिनचे बूच बसते, लॅक्टोफेरिन वाढून जंतूंना लागणारे लोह अडवते आणि कास सुरक्षित होते.

तेव्हा चार पैशांसाठी शेवटपर्यंत धार काढू नका. सुमारे ६० दिवस गाय आटवा. धारेनंतर सड जंतुनाशकात बुडवून लगेच वैरण टाका. सडाची छिद्रे तेव्हा उघडी असतात, म्हणून गाय काही वेळ उभी राहिलेली बरी. गाय विकत घेताना चारही सडांचे दूध वेगवेगळे घेऊन कॅलिफोर्निया चाचणी करा. द्रावण मिसळताच दूध चिकट झाले तर सौदा थांबवा. औषध चालू असताना डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत दूध विकू नका. गिऱ्हाइकाचा भरवसा हेच खरे भांडवल आहे.