इटलीला निघालात? हे गैरसमज परभणीतच सोडून जा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण जिल्ह्यात पोरासोरांनाही पाठ आहे. परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या घरात मात्र जर्मनीच्या जोडीला इटलीचंही नाव निघतं. कारणं उघड आहेत. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांची फी घरच्या उत्पन्नावर ठरते. पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीतून मिळतात. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून शेती किंवा अन्नतंत्रज्ञान शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींना बोलोन्या, पादोवा, पिआचेन्झा इथे आपल्याच विषयात पुढे जाता येतं.

अडचण आहे ती माहितीची. एजंटची माहिती व्हिसापाशी संपते, आणि पाहुण्यारावळ्यांची माहिती ऐकीव असते. इटलीत हक्क मिळतो तो नोंदणीने, आणि जवळपास प्रत्येक नोंदणीला मुदत असते. खालचे बहुतेक गैरसमज ही एक गोष्ट न कळल्यामुळेच झालेले आहेत.

गैरसमज १ : व्हिसा लागला म्हणजे काम झालं.

वस्तुस्थिती : मुंबईच्या इटालियन वाणिज्य दूतावासाकडून मिळणारा ‘डी’ व्हिसा देशात शिरण्यासाठी असतो. राहण्याचा परवाना वेगळा. त्याला ‘पर्मेसो दी सोज्जोर्नो’ म्हणतात. इटलीत पोचल्यापासून आठ कामाच्या दिवसांत त्याचा अर्ज करावा लागतो, आणि तोही पोस्टात. ‘स्पोर्तेल्लो आमिको’ अशी पाटी असलेल्या पोस्ट ऑफिसात अर्जाचं पाकीट फुकट मिळतं. ते भरायचं, १६ युरोचं मुद्रांक तिकीट लावायचं, पोस्टाचे ३० युरो आणि परवान्याचे ७०.४६ युरो भरायचे. (हा दर एक वर्षापर्यंतच्या परवान्याचा आहे.) पोस्टातून पावती आणि पोलिस मुख्यालयात, म्हणजे ‘क्वेस्तुरा’त, बोटांचे ठसे द्यायला जायची तारीख मिळते. प्रत्यक्ष कार्ड हाती यायला काही महिने जातात.

तोवर ती पावती पासपोर्टइतकीच जपायची. पण तिच्या जोरावर पॅरिस-बर्लिन फिरता येत नाही. शेंगेन देशांत जायचं तर व्हिसाची मुदत शिल्लक हवी किंवा कार्ड हातात हवं. परवान्याच्या नूतनीकरणालाही अट आहे : पहिल्या वर्षी निदान एक परीक्षा आणि पुढे दरवर्षी दोन परीक्षा उत्तीर्ण झाल्याचा पुरावा द्यावा लागतो.

गैरसमज २ : तहसीलचे दाखले काढले की कागदपत्रं पूर्ण झाली.

वस्तुस्थिती : फी-सवलत आणि शिष्यवृत्तीसाठी घरची आर्थिक स्थिती ‘इझे पारिफिकातो’ नावाच्या हिशेबात मांडावी लागते. त्यासाठी आईवडिलांच्या उत्पन्नाचा दाखला, कुटुंबात कोण कोण आहे याचा दाखला, घराच्या मालकीचा कागद आणि बँकेतली शिल्लक एवढं लागतं. उत्पन्न चालू वर्षाचं चालत नाही, दोन वर्षांपूर्वीचं मागतात. दाखल्यांवर अपोस्टिल हवं आणि सोबत इटालियन भाषांतर. भारत आणि इटली दोघेही अपोस्टिल करारात असल्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का तिथे मान्य होतो. पण दाखले आणि शैक्षणिक प्रमाणपत्रं, दोन्ही त्याआधी राज्य शासनाकडून साक्षांकित करून घ्यावी लागतात. या सगळ्याला आठवडे लागतात, म्हणून सुरुवात जूनमध्ये न करता निदान मार्चमध्ये करावी.

घराच्या कागदात एक खुबी आहे. परदेशातल्या घराची किंमत बाजारभावाने धरत नाहीत, सरसकट चौरस मीटरला ५०० युरो धरतात. घर पालम तालुक्यातल्या गावातलं असो की परभणीच्या वसमत रस्त्यावरचं, पत्र्याचं असो की स्लॅबचं, दर तोच. १,००० चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, म्हणजे कागदावर ४६,५०० युरोची मालमत्ता. तेव्हा ग्रामपंचायतीच्या किंवा महानगरपालिकेच्या कर आकारणीच्या उताऱ्यावर क्षेत्रफळ अंदाजे लिहिलेलं असेल, तर ते आधी दुरुस्त करून घ्या.

नावाचंही पाहा. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. इटलीत करदात्याचा १६ अक्षरांचा संकेतांक, ‘कोदिचे फिस्काले’, थेट आडनावातल्या आणि नावातल्या अक्षरांवरून, जन्मतारखेवरून आणि जन्मस्थळावरून तयार होतो. भारतात जन्मलेल्या प्रत्येकाच्या संकेतांकात ‘झेड २२२’ येतं. नाव पासपोर्टबरहुकूम नसेल तर संकेतांक चुकतो. तो चुकला की बँक, घरभाडं आणि सिमकार्ड, सगळीकडे अडतं. हा संकेतांक कर खात्याच्या कार्यालयात फुकट मिळतो. त्यासाठी कुणालाही पैसे द्यायची गरज नाही.

गैरसमज ३ : स्कॉलरशिप मिळाली, आता घरून पैसे पाठवायला नकोत.

वस्तुस्थिती : विद्यार्थी ज्या शिष्यवृत्तीविषयी बोलतात ती प्रादेशिक असते. तुरिनला एक संस्था देते, बोलोन्याला दुसरी, रोमला तिसरी. प्रत्येकीची अर्जाची तारीख वेगळी. रक्कम बाहेरगावच्या विद्यार्थ्याला वर्षाला साधारण ७,००० युरो असते, पण तिचा काही भाग खोली आणि जेवणाच्या रूपात वळता होऊ शकतो. रोख पैसे हप्त्यांनी येतात, आणि पहिला हप्ता यायलाच काही महिने लागतात. तेवढ्या काळाचं भाडं, अनामत आणि जेवणखाण घरच्याच पैशातून होतं. व्हिसासाठी वर्षाला सुमारे ७,००० युरोची सोय दाखवावी लागते. तो पैसा खात्यात केवळ दाखवायला ठेवून काढून घेणाऱ्यांची पहिल्याच हिवाळ्यात पंचाईत होते.

शिवाय अभ्यासाची अट असते. साधारण नियम असा की पहिल्या वर्षी १० ऑगस्टपर्यंत किमान २० क्रेडिट मिळवायचे. ३० नोव्हेंबरपर्यंतही ते झाले नाहीत, तर शिष्यवृत्ती रद्द होऊन घेतलेले पैसे परत करावे लागू शकतात.

गैरसमज ४ : खोली मिळाली ना? मग कराराचा आग्रह कशाला!

वस्तुस्थिती : मालक म्हणतो, ‘करार नको, पन्नास युरो कमी द्या.’ सौदा गोड वाटतो, पण महागात पडतो. भाडेकराराची कर खात्यात ३० दिवसांत नोंदणी व्हावी लागते. ‘बाहेरगावचा विद्यार्थी’ म्हणून पूर्ण शिष्यवृत्ती हवी असेल, तर वर्षातले निदान दहा महिने भाड्याने राहत असल्याचा नोंदलेला पुरावा लागतो. करार नसेल तर रक्कम बरीच खाली येते. नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव लावतानाही करार उपयोगी पडतो. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही. खोली न पाहता, परभणीत बसून कुणाच्या खात्यात अनामत पाठवू नये. सुरुवातीचे दिवस वसतिगृहात किंवा हॉस्टेलात काढून खोली प्रत्यक्ष पाहणंच बरं.

गैरसमज ५ : पार्टटाइम काम करून सगळा खर्च निघतो.

वस्तुस्थिती : विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २० तास आणि वर्षाला १,०४० तास एवढंच काम करता येतं. इटलीत कायद्याने ठरलेलं किमान वेतन नाही. त्या त्या क्षेत्रातल्या कामगार संघटना आणि मालकांच्या सामूहिक करारातून पगार ठरतो, म्हणून लेखी करार मागावा. हॉटेलात किंवा दुकानात इटालियन न बोलता काम मिळणं अवघड असतं. वर्ग इंग्रजीतून चालतात, पण मालक, पोस्ट आणि पोलिस कार्यालय इटालियनमध्ये बोलतात. निघण्याआधी सहा महिने रोज तासभर भाषा शिकली तर तिचा उपयोग कुठल्याही एजंटपेक्षा जास्त होतो.

गैरसमज ६ : युरोपात दवाखाना फुकट असतो.

वस्तुस्थिती : नोकरीच्या करारावर असलेल्यांची सरकारी आरोग्यसेवेत नोंदणी होते. विद्यार्थ्याला तीच नोंदणी ऐच्छिक आहे आणि २०२४ पासून तिचा दर वर्षाला ७०० युरो आहे. पूर्वी तो १५० युरोच्या आत होता, त्यामुळे जुन्या सीनिअरने सांगितलेला आकडा धरू नका. वर्ष जानेवारी ते डिसेंबर मोजतात. ऑक्टोबरमध्ये नाव घातलं तरी पैसे पूर्ण वर्षाचे. म्हणून कित्येक जण डिसेंबरपर्यंत खाजगी विमा घेतात आणि सरकारी नोंदणी हवी असेल तर जानेवारीत करतात. स्वस्त खाजगी विम्यात बहुतेक वेळा फक्त तातडीचे उपचार येतात. दात, चष्मा, जुनाट दुखणं त्यात नसतं. जीव धोक्यात असेल तर ११२ वर फोन करावा. तातडीच्या विभागात परदेशी माणसाला परत पाठवत नाहीत. पण सर्दी-पडशासाठी तिथे गेलात तर तासन्‌तास थांबावं लागेल आणि वर शुल्कही लागू शकेल.

गैरसमज ७ : एजंटला पैसे दिले की शेतकामाचा व्हिसा पक्का.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यांत घातक आहे. कोरडवाहू शेतीवर भागत नसलेल्या घरातल्या तरुणाला ‘इटलीत द्राक्षं तोडायची, महिन्याला लाखावर’ हे वाक्य लगेच पटतं. कामगार व्हिसा सरकारने ठरवलेल्या कोट्यातून मिळतो. अर्ज इटलीतल्या मालकाने करायचा असतो. त्याला मंजुरी मिळाली की मगच कामगाराने व्हिसा मागायचा. तिथे पोचल्यावर मालक आणि कामगार दोघांनी करारावर सह्या करायच्या असतात. मालकाने सही केलीच नाही, तर माणूस कायदेशीर व्हिसावर जाऊनही बेकायदा ठरू शकतो. हंगामी कामाचा परवाना जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा असतो.

भारत आणि इटली यांनी २ नोव्हेंबर २०२३ रोजी स्थलांतराचा करार केला. त्यात भारतीय कामगारांसाठी जागा राखल्या आहेत, पण त्या विकायचा हक्क कुठल्याही एजंटला दिलेला नाही. भारतात नोंदणीकृत भरती एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येतं. नाव तिथे नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लातिना भागात सतनाम सिंग या पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घरासमोर टाकून देण्यात आलं आणि दोन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. त्याच्याकडे कामाची कायदेशीर कागदपत्रं नव्हती. मजुरांची अशी पिळवणूक करणाऱ्या मुकादमांवर आणि मालकांवर इटलीत २०१६ च्या कायद्याने कारवाई होते. कागद नसलेला मजूरही तक्रार करू शकतो आणि त्याला संरक्षणाचा परवाना मिळू शकतो.

गैरसमज ८ : चीज दुधाचं, म्हणजे शाकाहारीच.

वस्तुस्थिती : पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही चीज वासराच्या पोटातल्या विकराने दूध गोठवून करतात. पार्मिजानोच्या नियमांतच तसं लिहिलेलं आहे. पास्त्यावर किसून घालतात ते बहुतेक वेळा हेच असतं. माळकरी घरातल्या मुलाने ‘काल्यो वेजेताले’ किंवा ‘मिक्रोबिको’ असं लिहिलेलं वेष्टण शोधावं. पाव आणि पियादीना (तिथली पोळी) यांच्या वेष्टणावर ‘स्त्रुत्तो’ दिसलं तर त्यात डुकराची चरबी आहे असं समजावं.

जाताना डब्यात साजूक तूप, खव्याचे पेढे किंवा पनीर भरू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजी फळंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन यांना तेवढी सूट आहे. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, डाळी खुशाल न्या. मोठ्या शहरांतल्या बांगलादेशी आणि पंजाबी दुकानांत पुढे बरंच काही मिळतं.

थोडक्यात आणखी तीन

‘इटलीत एमबीबीएसला नीट लागत नाही.’ तिथल्या इंग्रजी वैद्यकीय प्रवेशासाठी वेगळी परीक्षा आहे, हे खरं. पण पुढे भारतात डॉक्टरकी करायची असेल तर नीट उत्तीर्ण असणं २०१८ पासून सक्तीचं आहे.

‘भारतीय लायसन्स बदलून मिळतं.’ मिळत नाही. रहिवासी म्हणून नोंद झाल्यापासून एक वर्ष, तेही आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत भाषांतर सोबत ठेवून, गाडी चालवता येते. त्यानंतर तिथली परीक्षा द्यावी लागते. लेखी परीक्षेत ३० प्रश्न असतात आणि तीनपेक्षा जास्त चुकले की नापास. ही परीक्षा इंग्रजीतून होत नाही.

‘पाच वर्षांत नागरिकत्व.’ युरोपीय संघाबाहेरच्या लोकांना दहा वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि इटालियनची बी-१ पातळी लागते. ही मुदत पाचवर आणण्यासाठी जून २०२५ मध्ये सार्वमत घेतलं गेलं, पण पुरेसं मतदान न झाल्याने ते बाद ठरलं. दुहेरी नागरिकत्व भारत देत नाही, हेही हिशेबात धरावं.

विचारायचं कुणाला?

विद्यापीठाचं परदेशी विद्यार्थी कार्यालय ही पहिली जागा. परवान्याचे अर्ज भरायला ‘पात्रोनातो’ नावाची कामगार संघटनांची सेवाकेंद्रं मदत करतात, आणि आर्थिक स्थितीच्या हिशेबासाठी ‘काफ’ ही केंद्रं असतात. पासपोर्ट हरवला किंवा मालकाने अडवून ठेवला, तर रोमचा भारतीय दूतावास किंवा उत्तर इटलीसाठी मिलानचा भारतीय वाणिज्य दूतावास. घरच्यांना परभणीतून ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. एक मात्र लक्षात ठेवा : ऑगस्टमध्ये, विशेषतः १५ तारखेच्या आगेमागे, निम्मा इटली सुटीवर असतो. त्या महिन्यावर अवलंबून असलेलं कुठलंही काम जुलै संपायच्या आत उरकून घ्या.