चांगुलपणाचं वेळापत्रक

पुण्यात उपदेशाचा तुटवडा कधीच नव्हता. कीर्तनं होती, 1875 पासून वसंत व्याख्यानमाला आहे, आणि हल्ली तर डोळे उघडायच्या आत फोनवर चार सुविचार येऊन पडलेले असतात. त्यामुळे ‘ख्रिस्ती शहाणपण’ म्हटलं की आणखी थोडे सुविचार, एवढंच बऱ्याच वाचकांच्या मनात येणार. क्षमा करा, शेजाऱ्यावर प्रेम करा, उद्याची चिंता सोडा. यात नवं काय? खरं सांगायचं तर फारसं नाही. नवं काही असेल तर ते अंमलबजावणीत आहे. इथल्या मराठी ख्रिस्ती समाजाकडे थोडं जवळून पाहिलं की लक्षात येतं: ही मंडळी चांगुलपणा लहरीवर सोडत नाहीत. त्याला वार लावतात, घंटा लावतात, पाकीट लावतात.

क्षमेचंच घ्या. बऱ्याच मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस. देवापुढे अर्पण घेऊन गेलात आणि भावाचं आपल्याशी बिनसलंय हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करून या, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूचं सांगणं आहे. हे सांगणं पुण्यात अगदी शब्दशः पाळलं जातं, निदान पाळल्यासारखं दाखवावं तरी लागतं. कारण ज्याचं कुणाशी वाजलंय तो रांगेत जात नाही, बाकावरच बसतो, आणि कोण बसलंय हे अख्ख्या मंडळीला दिसतं. अशा एका उपासनेत मी मागच्या बाकावर होतो. पुढे दोघी जावा. थोरली उठून गेली. धाकटी ‘उपासना संगीत’ हे गीतांचं पुस्तक उघडून त्यात डोकं घालून बसली. शेजारच्या आजींनी तिला कोपराने ढोसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा दबक्या आवाजात म्हणाल्या, “जा गं, नंतर भांड.” ती गेली. भांडण मिटलं की नाही, देव जाणे. पण वीजबिलासारखी भांडणालाही शेवटची तारीख असते ही कल्पना मला फार व्यवहारी वाटते. आपल्याकडे अबोला पिढ्यान्‌पिढ्या चालतो याचं एक कारण असं की तो कधी सोडायचा हे कुणी ठरवूनच दिलेलं नसतं.

पैशाचंही तसंच. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, सगळेच देतात असं नाही. पण महिन्याचं पाकीट बहुतेक घरांतून जातं. देणं हा उमाळा नसून खर्चाच्या वहीतली एक ओळ असते. त्यातला आनंद बघायचा तर हंगामाच्या सणाला जावं. वेदीपुढे भोपळे, उसाच्या मोळ्या, अंडी, घरचे केक, क्वचित दोरीला बांधलेली कोंबडी. उपासना संपली की या सगळ्याचा लिलाव. पाच रुपयांच्या लिंबाला पाचशे येतात, घेणारा ते लिंबू पुन्हा लिलावात टाकतो, आणि बोली लावणाऱ्या मास्तरांचा घसा बसतो. गंभीर चेहऱ्याने दान करायचं असतं या समजुतीला इतका छान सुरुंग मी दुसरीकडे पाहिला नाही.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळक एकटे नसतात. शिक्षिका, बँकेतले निवृत्त अधिकारी, महिला मंडळाच्या बाई, सगळ्यांना एकेक उद्गार वाटून दिलेला असतो. मला तिसऱ्याची उत्सुकता असते. मरणाच्या दारात असलेला माणूस आईची सोय लावतो, तिला शिष्याच्या हवाली करतो. यावर बोलताना वक्ते हमखास धर्मशास्त्र सोडून घरात शिरतात: आईची औषधं कोण आणतं, परदेशातला मुलगा फोन किती मिनिटं करतो. तीन तासांत ऐकणारे सर्वांत जास्त ताठ बसतात ते तेव्हा.

पुण्याच्या पूर्वेला, नगर रस्त्यावर, हाच प्रकार निराळ्या शिस्तीत सापडतो. तिथलं पेपल सेमिनरी 1955 साली श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आलं. जवळच जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचं डी नोबिली कॉलेज आहे. संत इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात घालून दिलेली एक सवय जेझुइट पाळतात: दुपारी आणि रात्री थोडा वेळ थांबून दिवस तपासायचा. त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आभार, मग नीट दिसावं म्हणून प्रार्थना, मग सकाळपासूनचा दिवस तासातासाने उलगडणं, मग चुकलं त्याची खंत, आणि शेवटी उद्याचा विचार. खंत चौथी येते. झोपताना स्वतःची फक्त खरडपट्टी काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी एवढा क्रम उचलला तरी झोप बरी लागेल.

याच डी नोबिली कॉलेजात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला अँथनी डिमेलो या मुंबईत जन्मलेल्या जेझुइटाने ‘साधना’ नावाचं काम सुरू केलं. पुढे ते लोणावळ्याला गेलं. त्यांचं याच नावाचं पुस्तक 1978 चं. श्वासाकडे लक्ष द्या, ऐकू येणारे आवाज नुसते ऐका, स्वतःला सुधारण्याची घाई करू नका, असा त्यांचा सूर. विपश्यना आणि झेनच्या गोष्टी त्यांनी मोकळेपणाने वापरल्या. 1987 मध्ये ते गेले, आणि 1998 मध्ये रोमने त्यांच्या काही मतांबद्दल सावधगिरीचं पत्रक काढलं. मी वर ज्या वेळापत्रकाचं कौतुक करतोय त्यालाही डिमेलोंनी हसून टोला लगावला असता. धडपडून चांगलं होता येत नाही, आधी जागं व्हा, असं ते म्हणत. मला वाटतं त्यांचं निम्मं खरं होतं. जागं व्हायला सुद्धा ते लोकांना ठरलेल्या वेळी बसवतच होते.

आता मागे जाऊ, कारण या सगळ्याची पुण्यातली खरी परीक्षा 1890 च्या शरदात झाली. ऑक्टोबरात गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला म्हणून शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी नुसती जवळ ठेवली. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, पेटलं. चौकशी, आयोग, प्रायश्चित्त. एका कपाने शहर दीड-दोन वर्षं ढवळून निघालं. गंमत अशी की त्या चहात उपदेश एका शब्दाचाही नव्हता. पादऱ्यांनी नुसतं आदरातिथ्य केलं आणि शास्त्र्यांना जे दहा प्रवचनांनी झोंबलं नसतं ते झोंबलं.

पुढच्याच महिन्यात पंडिता रमाबाईंनी मुंबईत 1889 साली सुरू केलेलं शारदा सदन पुण्याला आणलं. विधवांना शिकवायचं, पण धर्म शिकवायचा नाही, असा करार. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला ख्रिस्ती झालेल्या. सकाळची त्यांची स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून चाले. मुली येऊन बसू लागल्या. दार लावा, असं सल्लागार मंडळाचं म्हणणं. लावणार नाही, असं बाईंचं. 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर मंडळातून बाहेर पडले. सल्लागारांची अडचण मला समजते. पालकांना दिलेल्या शब्दाचा प्रश्न होता. पण त्याच वर्षी याच सदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं आणि तीन वर्षांत स्वतःचा आश्रम काढला. ज्या दारावरून भांडण झालं, त्यातून पुण्याच्या स्त्रीशिक्षणाची एक मोठी वाट बाहेर पडली.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे दिवस; म्हणून केडगावच्या शेतावर वस्ती झाली, ती मुक्ती. तिथे शेकडो जणी राहू लागल्या तेव्हा करुणेपेक्षा वेळापत्रकाचीच गरज होती. घंटेवर उठणं, प्रार्थना, वर्ग, मग काम: विणकाम, दूधदुभतं, तेलघाणा, छापखाना. कुणालाच ‘बिचारी’ म्हणून बसवून ठेवलं नाही. अंध मुलींना ब्रेल शिकवलं आणि त्यांतल्या काहींना दुसऱ्यांच्या शिक्षिका केलं. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते याच छापखान्यात बायकांनी खिळे जुळवून छापलं. एप्रिल 1922 मध्ये बाई गेल्या तेव्हा भाषांतराचं काम हातावेगळं झालेलं होतं. दुःखी माणसाला आधी जेवण, लगेच काम आणि सल्ला सर्वांत शेवटी, हा मुक्तीचा क्रम मला कुठल्याही प्रवचनापेक्षा पटतो.

याला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. एका ताटात जेवायला शिकवणाऱ्या मंडळीत सोयरीक जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते. दलित ख्रिस्ती माणूस 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर राहिला, तेव्हा बाहेरची जात त्याला सुटली नाही आणि आतलीही पुरती सुटली नाही. चर्चच्या जमिनींचे वाद तर न्यायालयांत वर्षानुवर्षं रेंगाळतात. समेटाची तारीख जावांना आहे, विश्वस्तांना नाही.

1890 च्या त्याच ऑक्टोबरात पंचहौदपासून काही मिनिटांवर, गंज पेठेत, जोतीराव फुले अखेरच्या आजारात होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकलेले. पादऱ्यांचे गुण त्यांनी मानले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. पक्षाघातानंतर डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुरा केला होता. ते नोव्हेंबरात गेले; पुस्तक 1891 मध्ये निघालं. त्यात एक घर आहे. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, ज्याने त्याने आपापला ग्रंथ वाचून ठरवलेलं, आणि सगळे गोडीने राहतात. बाहेर चहाच्या कपावरून रण पेटलेलं असताना हे घर कागदावर तयार होतं. फक्त त्या घरात स्वयंपाक कोण करतं आणि पाणी कुणाच्या घागरीतलं, हे जोतीरावांनी सांगितलेलं नाही.

ते लक्ष्मीबाई टिळकांनी सांगितलं. वडील इतके सोवळे की मीठसुद्धा धुऊन घेणारे. नवरा, कवी नारायण वामन टिळक, 1895 मध्ये ख्रिस्ती झाला. ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागाने आलं, आणि त्यातला मधला काळ म्हणजे जोतीरावांच्या घराचा रोजचा हिशेब आहे: एकत्र राहायचं पण चूल वेगळी, प्रेम आहे पण पाणी चालत नाही. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. घर ओढायचं काम बाईंचं. त्यांचं मन कुणाच्या प्रवचनाने बदललं नाही. शिवाशिव पाळण्यातली दगदग आणि तिच्यातला फोलपणा त्यांनी स्वतः तपासत तपासत सोडून दिला, आणि मग 1900 मध्ये राहुरीला बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरच्या घरात पोरकी मुलं वाढली, तरुण बालकवी राहून गेले, प्लेगच्या रोग्यांची उस्तवार झाली. शाळेत आपण या पुस्तकातले विनोदी उतारे वाचतो आणि तिथेच थांबतो. शेवटी एकच शिफारस करायची तर मी हे पुस्तक पुन्हा, सलग आणि जेवणाच्या टेबलाजवळ बसून वाचा असं सांगेन. त्यातले निम्मे पेच अजून आपल्या स्वयंपाकघरातच आहेत.