बैहरचा काळा दगड आणि रियुनियनची आग

बालाघाट म्हटलं की भरवेलीचं मँगनीज आणि मलाजखंडचं तांबं आठवतं. जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या, बैहर भागातल्या काळ्या दगडाची दखल सहसा कुणी घेत नाही. मंडल्याच्या बाजूने इथवर पोहोचलेला हा बेसाल्ट म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा पूर्वेकडचा भाग. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो ओतला गेला, तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती.

त्या आगीचं पुढे काय झालं? १९६३मध्ये भूशास्त्रज्ञ टुझो विल्सन यांनी हवाई बेटांवरून मांडलं, की खोलवरचा तप्त ठिपका जवळपास जागीच राहतो, सरकतो तो वरचा भूपट्ट. भारत अशाच एका ठिपक्यावरून उत्तरेला निघाला आणि मागे समुद्रतळावर लाव्ह्याचे ढीग चढत गेले, थेट हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटापर्यंत. जे पाण्याबाहेर आले, ती बेटं झाली.

१९८७च्या सागरी वेधन मोहिमेनं हा माग तपासला. मालदीवच्या कडेचा बेसाल्ट ५ कोटी ७० लाख वर्षांचा निघाला, चागोसजवळचा ४ कोटी ९० लाखांचा. मॉरिशसचा जुना लाव्हा जेमतेम ८०-९० लाख वर्षांचा. रियुनियन त्याहून कोवळं, आणि अजून धगधगतं: एप्रिल २००७मध्ये तिथल्या पितों द ला फूर्नेझ ज्वालामुखीचं मुख ३०० मीटरहून अधिक खचलं.

एकोणिसाव्या शतकात कोकणातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत राबायला गेलेल्या मराठी माणसांनी सह्याद्रीच्या धाकट्या भावंडावरच संसार मांडला म्हणायचा! गणेश चतुर्थीला तिथे आज सार्वजनिक सुट्टी असते.

बेटं बुडतातही. खालचा भूपट्ट थंडावतो, जड होतो, खचतो. प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर बांधत राहतात. बेट खचत जातं आणि प्रवाळ वर चढत राहतात, हे डार्विननं १८४२मध्येच सांगितलं होतं. मालदीवमध्ये तेलासाठी खोदलं तेव्हा ज्वालामुखीचा खडक लागला तो सुमारे २ किलोमीटर चुनखडीखाली.

सगळ्यांना हे मान्य नाही. आयआयटी मुंबईचे भूशास्त्रज्ञ हेतू शेठ दख्खनच्या लाव्ह्याला रियुनियनच्या ठिपक्याशी जोडत नाहीत. त्यांच्या मते तो भूखंड ताणून फाटल्यामुळे आला. आक्षेप वजनदार आहे. तरी उत्तरेकडून दक्षिणेकडे वयांची ही उतरंड इतकी सरळ कशी, याचं ठिपक्याइतकं साधं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.