डॉक्टर गेले, मागे काय उरले?

भोपाळहून होशंगाबादकडे, म्हणजे आताच्या नर्मदापुरमकडे, जाणाऱ्या रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटरांवर मंडीदीप लागते. गाव कसले, कारखान्यांची वसाहतच ती! औषधे, ट्रॅक्टर, ग्राफाइटचे इलेक्ट्रोड असा नाना प्रकारचा माल तिथे तयार होतो. माझे मामा तिथल्या एका कारखान्यात नोकरीला आहेत. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो असता जवळच्या कामगार वस्तीत एका ख्रिस्ती वैद्यकीय पथकाचे तीन दिवसांचे मोफत शिबिर भरले होते. पथकातले दोन डॉक्टर परदेशी होते. बाकीची मंडळी आपल्याच देशातली. "नुसता बसून काय करतोस?" असे म्हणून मामांनी मला स्वयंसेवक म्हणून तिथे नेऊन उभे केले.

हिंदी बोलणाऱ्या रुग्णांना दुभाषे पुष्कळ होते. पण बैतुल आणि विदर्भाकडून आलेली मराठी कुटुंबेही त्या वस्तीत आहेत. त्यातल्या वयस्कर बायकांना आपले दुखणे मराठीतच सांगायचे होते. माझे शिक्षण मराठी माध्यमातले, त्यामुळे परदेशी डॉक्टरांपुढे माझे इंग्रजी अडखळू लागले. सुदैवाने पथकातल्या एक सिस्टर धारवाडकडच्या निघाल्या. मग रुग्ण मला मराठीत सांगे, मी सिस्टरना कन्नडमध्ये सांगे आणि सिस्टर डॉक्टरांना इंग्रजीत सांगत. औषधाचा सल्ला याच वाटेने उलटा परत येई.

गंमत वाटली तरी यात धोका होता. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, आग होते. मी घाईत त्या सगळ्यांचे 'नोवु' करी आणि पुढे इंग्रजीत नुसते 'पेन' उरे. पोटातली कळ आणि छातीतली चमक डॉक्टरांच्या दृष्टीने सारखी नसते, हे मला दुसऱ्या दिवशी सिस्टरनी रागावून समजावले.

खरी चूक मात्र पुढे कळली. एका मावशींचा रक्तदाब फार वाढलेला होता. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि त्या संपल्यावर सरकारी दवाखान्यात दाखवून औषध चालूच ठेवायला सांगितले. रांग मोठी होती. माझ्या तोंडून "महिनाभर गोळ्या घ्या" एवढेच गेले. दिवाळीत पुन्हा मंडीदीपला गेलो तेव्हा त्या भेटल्या. गोळ्या केव्हाच बंद झाल्या होत्या. "तूच तं म्हनला होता ना बापू, महिनाभर घ्या म्हून," त्या म्हणाल्या. मी काय उत्तर देणार? शिबिराचे पथक निघून गेले होते आणि कोणाला काय दिले याचा कागद वस्तीत कोणाकडेच नव्हता. मामांनी त्यांना दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात नेले. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून थांबवायची नसते, हे त्या दिवशी त्यांच्याबरोबर मीही ऐकले.

आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी महसुली खर्च आणि भांडवली खर्च यांतला फरक शिकवतात. ज्याचा लाभ त्याच वर्षी संपतो तो महसुली; ज्याचा लाभ पुढे अनेक वर्षे मिळतो तो भांडवली. वैद्यकीय सेवेलाही हा फरक लागू पडतो असे मला वाटते. शिबिरात वाटलेल्या गोळ्या हा महसुली खर्च. तो वाईट नव्हे, पण महिन्याभरात संपतो.

भांडवली खर्चाचे उदाहरण आपल्या सीमाभागातच आहे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. १८९४ मध्ये त्यांचे मिरजेतील रुग्णालय उघडले आणि १८९७ मध्ये तिथेच वैद्यकीय शाळा सुरू झाली. ते मराठी शिकले आणि १९२८ पर्यंत या भागात काम करून निवृत्त झाले. शस्त्रक्रिया त्यांनी पुष्कळ केल्या. पण ती शाळा मला अधिक मोलाची वाटते. तिथे आपली माणसे शिकून तयार झाली. आज महाराष्ट्र आणि कर्नाटक, दोन्हीकडचे रुग्ण उपचारासाठी मिरजेची गाडी धरतात, त्याची सुरुवात तिथे आहे.

मग थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या परदेशी डॉक्टरांचा उपयोगच नाही का? तसेही नाही. मंडीदीपवरून जाणारा रस्ता पुढे नागपूरकडे जातो. त्याच रस्त्यावर बैतुल जिल्ह्यात पाढर येथे १९५८ मध्ये सुरू झालेले मिशन रुग्णालय आहे. २०१२ मध्ये तिथे एकमेकींना जोडून जन्मलेल्या दोन मुलींना शस्त्रक्रियेने वेगळे केले गेले. तेव्हा मदतीला ऑस्ट्रेलियाहून डॉक्टर आले होते. दोघींपैकी एक पुढे दगावली, एक वाचली. पाहुणे आले आणि गेले, पण रुग्णालय आणि तिथले डॉक्टर जागेवरच होते. आमच्या शिबिरात नेमके तेच नव्हते.

या सेवेविषयी दुसरी शंका घेतली जाते ती धर्मांतराची. तीही टाळून चालणार नाही. नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेशात १९५४ मध्ये न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९५६ च्या तिच्या अहवालात दवाखान्यांचा धर्मांतरासाठी उपयोग करण्यावर आक्षेप घेतलेला होता. पुढे १९६८ मध्ये मध्य प्रदेशात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला आणि २०२१ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मिशनची मंडळी सेवा हाच आपला धर्म मानतात, तर टीकाकारांना त्यात आमिष दिसते. माझ्यापुरती कसोटी साधी आहे: रुग्णाने काहीही मानले वा न मानले, तरी त्याला औषध तेच आणि तितक्याच आपुलकीने मिळाले पाहिजे.

आणि अशी सेवा करणे हा काही एका धर्माचा किंवा पाश्चात्त्यांचा मक्ता नव्हे. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथली भाषा शिकले, तिथेच संसार मांडला आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांनी देह ठेवला. वॉनलेस इकडे आले, कोटणीस तिकडे गेले. पण दोघांनीही आधी रुग्णाची भाषा शिकून घेतली आणि मुक्काम ठोकला.

आपल्यापैकी कोणी डॉक्टर नसेल, पण दोन भाषा जाणणारे आपण पुष्कळ आहोत. अशा शिबिरात गेलात तर घाईत 'नोवु' म्हणून मोकळे होऊ नका. रुग्णाच्या हातात त्याला वाचता येईल, किंवा घरातला कोणी वाचून दाखवील, अशी चिठ्ठी द्या: आजार कोणता, गोळी कोणती, किती दिवस घ्यायची आणि संपल्यावर कुठे जायचे. त्यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ती मी विसरलो होतो.