कालव्यात शीड उतरवावे लागते

मुळशी तालुक्यातल्या नांदे गावात बसून शिडाच्या होड्यांविषयी लिहिणे, हा काहींना उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार वाटेल. पण भारतीय नौदलाच्या ‘सागर परिक्रमे’चे स्वप्न ज्यांनी पाहिले, ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत असत. समुद्राची ओढ असायला समुद्र दारात असावाच लागतो, असे नाही.

आवटींच्या त्या स्वप्नातूनच कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका घेऊन मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. या प्रदक्षिणेचा एक नियम मोठा बोलका आहे. वाटेत कालवा ओलांडायचा नाही. केप हॉर्नसारख्या भूशिरांना वळसा घालूनच यायचे. कारण कालव्यात वाऱ्याला काम नसते. तिथे शीड उतरवून इंजिनावर जावे लागते, आणि एकट्याने तर जाताच येत नाही.

व्यापारी जहाजांवर इंजिनीअर असताना सुएझ आणि पनामा हे दोन्ही कालवे मी अनेकदा ओलांडले. १८६९ साली खुला झालेला सुएझ सपाट आहे. समुद्राचे पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच पातळीत. १९१४ चा पनामा म्हणजे मात्र पाण्याचा जिना. तीन पायऱ्या चढून जहाज समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचीवरच्या गातून सरोवरात येते आणि पलीकडे तीन पायऱ्या उतरते. हे सरोवरही आपल्या मुळशीसारखेच नदी अडवून केलेले, आणि त्याच्याही पोटात गावे गेलेली आहेत.

मोठ्या जहाजाला काठावरची छोटी रेल्वे इंजिने तारदोरांनी सरळ धरून ठेवतात. चाळीस फुटी होडीला हा थाट नाही. तिच्यावर कालव्याचा एक सल्लागार असतो, सुकाणू धरणारा एक आणि दोर सांभाळणारे चौघे. सव्वाशे फुटांचे चार जाड दोर जवळ हवेत. भिंतीवरचे कामगार वरून गाठ मारलेली बारीक दोरी भिरकावतात, तिला आपला दोर बांधून द्यायचा. खालून पाणी उसळत भरू लागले, की होडी वर येते तसतसे चारही दोर सारखे आवळत राहायचे. एकाचा हात ढिला पडला, तर होडी आडवी होऊन काँक्रीटच्या भिंतीवर जाते. त्यात पुढच्या अजस्र जहाजाने पंखा सुरू केला, की त्याचा लोंढा थेट अंगावर!

माझा पुतण्या आणि सूनबाई आपली जुनी होडी घेऊन अटलांटिक पार करून कालव्याच्या तोंडाशी, कोलोनला पोहोचले, तेव्हा वहिनींनी मला विचारले, ‘‘भावोजी, एवढा समुद्र पार केला, आता त्या कालव्यात कसली भीती?’’ प्रश्न रास्त होता. उत्तर असे, की भर समुद्रात इंजिन बंद पडले तर शीड आहे, भरपूर जागा आहे, वेळ आहे. कालव्यात यातले काहीच नाही. तिथे किमान पाच नॉटचा वेग तासन्‌तास टिकवावा लागतो.

फोनवर पुतण्या सहज बोलून गेला, की बंदरात शिरताना इंजिनाने दोनदा गचके दिले. ‘‘पण काका, परवाची तारीख मिळालीय. ती सोडली तर पुढची कधी मिळेल, सांगता येत नाही.’’ मी म्हटले, ‘‘तारीख दुसरी मिळेल. आधी डिझेलची टाकी उघड.’’

अशा वेळी काय पाहायचे, याचा माझा क्रम ठरलेला आहे. पहिले इंधन. टाकीत हवेतला दमटपणा पाणी होऊन साचतो, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढतात आणि तळाशी गाळ बसतो. लाटांनी तो ढवळला, की फिल्टर तुंबतो. म्हणजे नेमका इंजिनाची गरज असते तेव्हाच. दुसरे थंड करणारे पाणी. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पात्यांचे एक लहानसे चाक असते. त्याचे एक पाते तुटले, तरी तुकडा नळीत अडकून इंजिन तापते. चाक काढून पाहावे, एक जादा जवळ ठेवावे. तिसरे दोर आणि ते बांधायचे डेकवरचे खुंट. दोर सगळा हातातून फिरवून पाहावा. घासलेली जागा डोळ्यांआधी बोटांना कळते.

दोघांनी तारीख सोडली. दुसऱ्या दिवशी सूनबाईंचा फोन आला, ‘‘काका, टाकीच्या तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गाळ होता.’’ पुढची तारीख अकरा दिवसांनी मिळाली. त्या अकरा दिवसांत ती दोघे दुसऱ्यांच्या होड्यांवर दोर धरायला गेली. असे एकमेकांना हात देण्याची तिथे रीतच आहे. त्यांची पाळी आली, तेव्हा दोर धरायला माणसे शोधावी लागली नाहीत.

‘म्हादेई’ गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली, तेव्हा दोंदे त्या कामात बरोबर होते. नौकेचा सांधा न् सांधा माहीत असलेला माणूस एकटा निघू शकतो. आपले कोकणातले कोळीही पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढून डागडुजी करतात, मगच नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. देखभालीला आपण किरकोळ काम समजतो, आणि धाडसाचे पोवाडे गातो. पण लॉकच्या भिंतीत आपल्या होडीला खेटून दुसऱ्या कुणाची होडी बांधलेली असते, तिच्यावर त्याची मुलेबाळे असतात. आपला फिल्टर साफ ठेवणे, ही त्यांच्या जिवाचीही काळजी असते.