'स्टाबात मातेर' स्तोत्राच्या कर्तृत्वाचा प्रश्न

क्रुसाजवळ उभ्या असलेल्या मरियेच्या शोकावर रचिलेलें 'स्टाबात मातेर' हें लॅटिन स्तोत्र रोमन कॅथॉलिक पंथांतील शोकमातेच्या उपासनेंत प्रमुख मानिलें जातें. यांत तीन तीन चरणांचीं २० कडवीं असून पहिल्या दोन चरणांत आठ आठ व तिसऱ्यांत सात अक्षरें येतात. पहिल्या आठ कडव्यांत दुःखाचें वर्णन व तें पाहून कोणाचें हृदय द्रवणार नाहीं असा प्रश्न आहे; नवव्यापासून त्या शोकाचा वांटा आपणांसहि मिळावा अशी याचना सुरू होते.

या स्तोत्राच्या कर्त्याविषयीं मुख्यतः दोन नांवें पुढें येतात : पोप तिसरा इनोसंट (मृत्यु १२१६) व फ्रान्सिस्कन कवि याकोपोने दा तोदी (मृत्यु १३०६). पैकीं दुसऱ्याकडे लोकमताचा ओढा अधिक; कारण मरियेच्या विलापावर त्याचें इटालियन भाषेंतील एक संवादगीत प्रसिद्ध आहे. परंतु विषयसाम्य हें कर्तृत्वाचें प्रमाण नव्हे. शिवाय बोलोन्या येथील डॉमिनिकन संन्यासिनींच्या मठांतील एका गायनपोथींत हें स्तोत्र स्वरलेखनासह मिळालें असून ती पोथी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मानितात. याकोपोने हयात असतांनाच भिन्न संघाच्या उपासनेंत तें रूढ झालेलें दिसतें. यानें त्याचें कर्तृत्व अशक्य ठरत नाहीं. तथापि तें गृहीत धरण्यास आधार उरत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रसाराचे टप्पे मात्र निश्चित आहेत. १३८८ त देहदंड करीत फिरणारे यात्रेकरू तें गात, असें जेनोआच्या बखरींत नमूद आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर मिस्साविधींतून तें गळलें; १७२७ त तेराव्या बेनेडिक्टनें झावळ्यांच्या रविवारापूर्वींच्या शुक्रवारच्या उत्सवासाठीं तें पुनः घेतलें. सप्टेंबरांतील शोकमातेचा सण १८१४ त सातव्या पायसनें सर्व चर्चेस लागू केला व १९१३ त त्याची तिथि १५ सप्टेंबर ठरली.

आपल्याकडील अभंगांच्या बाडांत नाममुद्रा असूनहि कर्ता संशयित राहतो; येथें तर मुद्राच नाहीं. म्हणून पोथी संग्रहीं घेतांना ती कोणत्या मठांतली, कोणत्या उपासनेसाठीं लिहिलेली, हें प्रथम टिपून ठेवावें. कर्त्याचें नांव मागाहून जोडलेलें असूं शकतें. पोथीचें मूळ स्थान मात्र एकदां विसरलें कीं परत मिळणें दुर्घट.